रसायनाचा पहारा

या, असे पुढं सरकून बसा. खांबाला टेकून बसलं की निम्मी गोष्ट कानात जाते आणि निम्मी झोपेला. आज देवादिकांची कथा नाही. सप्ताहाच्या सात दिवसांत न मावलेल्या, आखाडापासून थंडीपर्यंत चाललेल्या एका पहाऱ्याची आहे. तिच्यात टाळ नाही, मृदंग नाही. तरी चित्त द्या, एवढंच मागणं.

रजिया मॅडमनी खडूचे दोन तुकडे केले, लहान तुकडा टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं फळ्यावर उभ्या रेघा ओढायला सुरुवात केली. प्रत्येक रेघेच्या डोक्यावर महिन्याचं नाव, त्याखाली धडे. गणपतीपर्यंत हे, दसऱ्यापर्यंत ते, दिवाळीनंतर रासायनिक समतोल, मग कार्बनची संयुगं, संक्रांतीनंतर नुसती उजळणी. मागं बाकांवर पालक बसले होते. बाक पोरांच्या मापाचे, त्यामुळं सगळ्यांचे गुडघे वर आलेले आणि गुडघ्यांवर टोप्या. फळ्याकडं सगळे बघत होते, पण वाचत कुणीच नव्हतं. खडू कसा चालतो, तेवढं बघत होते.

न्हावऱ्याच्या त्या ज्युनिअर कॉलेजात असा वर्ग पहिल्यांदाच निघत होता. बारावीनंतरची सीईटी तेव्हा नवी होती. पुण्याची पोरं क्लास लावून तिची तयारी करायची आणि इकडच्या पोरांना तिचं नाव निकाल लागल्यावर कळायचं. म्हणून हा रसायनशास्त्राचा जादा वर्ग, रोज सकाळी, कॉलेज भरायच्या आधी. फी नाही. मॅडम शिरूरहून पहिल्या एसटीनं यायच्या. प्राचार्यांनी परवानगी देताना एवढंच बजावलं होतं की बाक रिकामे दिसायला लागले की वर्ग बंद.

"एक धडा बुडाला की पुढचा कळत नाही," मॅडम पालकांकडं वळून म्हणाल्या. "माझी दुसरी काही अपेक्षा नाही. रोजची हजेरी हवी. खाडा नको."

मागच्या बाकावरून संपत बोलला. त्याचा दुधाचा धंदा होता आणि त्याचा धाकटा भाऊ या वर्गात बसणार होता.

"मॅडम, सकाळच्या धारा कुणी काढायच्या? म्हशीला सांगू का, आज केमिस्ट्री हाय, जरा उशिरा पान्हा सोड म्हणून?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. पण हसून झाल्यावर चेहरे पुन्हा पहिल्यासारखेच झाले, अदबीचे आणि बंद. मॅडमनी हातावरचा खडू झटकला. शिरूरला त्यांच्या घराच्या पाठीमागं विठ्ठलाचं देऊळ होतं. लहानपणी सप्ताहात त्या मागच्या ओट्यावर बसून कीर्तन ऐकायच्या, आणि अम्मी हाका मारून थकायची. ते त्यांना आठवलं.

"तुमच्याकडं सप्ताह बसतो ना? वीणेचा पहारा असतो. सात दिवसांत कुणी वीणा खाली ठेवतं का?"

"छ्या!" पुढच्या बाकावरचा एक म्हातारा ताठ झाला. निमोण्याचे म्हस्कू आबा. त्यांची नात धनश्री बारावीला होती. "वीणा भुईला टेकवायचीच न्हाई. पाप लागतंय."

"मग हा वर्ग तसाच आहे, आबा. पहारा मोडायचा नाही."

खोलीत हवा बदलावी तसं झालं. फळ्यावरच्या रेघांतून जे कुणाला कळलं नव्हतं, ते या एका शब्दानं सगळ्यांना कळलं. म्हस्कू आबा उठले, खांद्यावरची घोंगडी सारखी केली.

"आसं म्हणा की मग, मॅडम! आमच्या घरचा पहारा मोडायचा न्हाई. सबूद हाय."

त्यांच्यामागं एकेकानं शब्द दिला. संपतनंही टोपी डोक्यावर चढवून म्हशीचं काहीतरी बघतो म्हणून सांगितलं. त्या दिवशी मॅडम एसटीत खिडकीशी बसून सबंध वाटभर मनाशी हसत गेल्या.

पण सप्ताहात वीणा एकाच माणसाच्या गळ्यात थोडीच असते? ती गळ्यात आहे तोवर बसायचं नाही, एक थकला की दुसरा उभा राहतो. बाप रानात गेला तर त्या घरचा मुलगा, मुलगा नसेल तर चुलता. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. हे ओट्यावरून दिसत नसे. ओट्यावर नुसता आवाज यायचा.

वर्ग सुरू झाला आणि चांगला चालला. धनश्री पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसे. तिच्या पणज्यापर्यंत त्या घराची मेंढरं कोकणात उतरायची. आता बरड रानाचे दोन तुकडे आणि एक विहीर होती. त्या घरात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिली. तिला पुण्याला फार्मसीला जायचं होतं. औषधाच्या गोळीत नेमकं काय असतं, ते तिला कळून घ्यायचं होतं, आणि हे ती इतक्या साधेपणानं सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, पुणं निमोण्याच्या माळापलीकडंच आहे. मॅडमना माहीत होतं की या वर्गातून सीईटीत कुणी निघालं तर तीच निघेल. बाकीची पोरं हुशार होती, पण ही ऐकताना पापणी लववत नसे.

श्रावणात एके सकाळी धनश्रीच्या जागेवर तिची आई, गीताबाई, येऊन बसली. डोक्यावर पदर, पायात चिखल, हात मांडीवर जोडलेले.

"गीताबाई, तुम्ही?"

"पोरीला ताप हाय, मॅडम. म्हणलं, खाडा नगं. आज पहाऱ्याला मी."

पोरं फुटली. मॅडमनाही हसू आवरेना. ही बाई चिखल तुडवत पहाटेची निघाली असेल, तिला परत कसं पाठवायचं? त्या म्हणाल्या, "बसा." गीताबाई तास संपेपर्यंत हलली नाही. जाताना तिनं फळ्याला हात लावून तो छातीला लावला.

मॅडमनी त्या दिवशी 'बसा' म्हटलं नसतं तर काय झालं असतं, कोण सांगणार! शब्द मायेनंच निघाला होता. पण तो गावभर झाला.

गणपती उठले आणि कांद्याच्या लागणी निघाल्या. संपतचा भाऊ येईना, त्याच्या जागेवर त्यांची आई रंगुबाई यायला लागली. ती बरोबर कापूस आणी. मॅडम फळ्यावर समीकरण जुळवत, ती मांडीवर वाती वळे, आणि मधूनच "चालू द्या, चालू द्या" म्हणे. कुणाचा चुलता आला, कुणाची शाळेत न गेलेली बहीण आली. एक आजोबा हजेरी लावून बसल्या बसल्या घोरायचे, आणि रंगुबाई त्यांना वातीनं टोचून उठवायची. "पहाऱ्याला झोपत्यात व्हय वो?"

प्राचार्य एकदा व्हरांड्यातून जाताना खिडकीशी थांबले. बाक मोजल्यासारखी मान हलवून म्हणाले, "छान. भरलाय की वर्ग."

मॅडमनी संपतला एसटी स्टँडवर गाठलं.

"संपत, तुमच्या भावाला पाठवा. आईंना बसवून काय उपयोग?"

"का? म्हातारी गोंधळ घालती का?"

"नाही हो. पण परीक्षा त्याला द्यायची आहे. हे ज्याचं त्याच्याच डोक्यात जायला लागतं. वीणेसारखं दुसऱ्याच्या गळ्यात देता येत नाही."

संपतनं दुधाचं कॅन एसटीच्या टपावर चढवलं, फडक्यानं हात पुसले. तो रागावला नव्हता. उलट त्याला मॅडमची थोडी कीवच आली.

"मग तवाच तसं सांगायचं व्हतं, मॅडम. तुमीच म्हणला, पहारा. आमी पहारा देतोय. आता कांद्याच्या दिसात घरातलं रिकामं मानूस ते म्हातारंच."

दिवाळीपर्यंत खरी पोरं बोटावर मोजण्याइतकी राहिली. धनश्री त्यांत होती. तापाच्या त्या एका सकाळीखेरीज ती कधी चुकली नाही. आणि दिवाळीत कुणीतरी मॅडमच्या कानावर घातलं की धनश्रीचं जमलं.

सुट्टी संपता संपता मॅडम निमोण्याला गेल्या. गीताबाईनं बाजेवर चादर अंथरली, चहा ठेवला. धनश्रीचे वडील मल्हार समोर उकिडवे बसून जमिनीवरची काडी मोडत राहिले.

"परीक्षा फेब्रुवारीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तोवर थांबा. मग सीईटी होऊ द्या. ती निघेल, मल्हारराव. मी सांगते, निघेल."

"स्थळ चालून आलंय, मॅडम. राहूचं. बागायत हाय, ऊस हाय, भीमेचं पाणी हाय. आमच्या बरड रानाला आसं कोन इचारतंय?" काडीचा आणखी एक तुकडा पडला. "पाव्हनं म्हनले, पोरगी काय करती. म्हणलं, मॅडमच्या जादा वर्गाला जाती. तवा लगीच पसंत केली."

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला.

"अठरा पूर्ण झाली का तिला?"

"झाली की, दसऱ्याला. आमी काय येडंवाकडं करत न्हाय. आन् परीक्षेला धाडू म्हनलेत ते."

म्हस्कू आबा उंबऱ्याजवळ बसले होते. एरवी तोंडाला उसंत नसलेला म्हातारा, पण ते घोंगडीच्या दशा विंचरत राहिले. धनश्री दारात आली, चहाची कपबशी उचलली. मॅडमकडं न बघता तिनं विचारलं,

"मॅडम, उद्या समतोल घेणार ना? फळ्यावर लिहिलं होतं, दिवाळीनंतर."

"घेणार."

"मी येते."

ती आली. मॅडमनी फळ्यावर नायट्रोजन लिहिला, हायड्रोजन लिहिला, पलीकडं अमोनिया. मध्ये बाण काढला, आणि त्याच्याखाली उलट्या तोंडाचा दुसरा बाण. म्हणाल्या, काही अभिक्रिया एकाच दिशेनं जाऊन संपत नाहीत. इकडून तिकडं जातं, तितकंच तिकडून इकडं परत येतं.

"मग ती थांबती का, मॅडम?" धनश्रीनं विचारलं.

"थांबत नाही. दोन्हीकडून सारखी चालू राहते. म्हणून बाहेरून थांबल्यासारखी दिसते."

धनश्रीनं मान हलवली. मागं रंगुबाईनं एक वात पुरी केली. त्याच आठवड्यात निमोण्याच्या त्या घराला हळद लागली.

लग्नानंतरच्या सोमवारी मॅडम वर्गात शिरल्या तर पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला, म्हस्कू आबा. पांढरा पटका, कपाळाला बुक्का, काठी बाकाखाली सारलेली.

"आबा," मॅडम जवळ गेल्या, हळू बोलल्या. "आता कशाला त्रास घेता?"

"पोरगी म्हनली, आबा, माझी जागा रिकामी ठिवू नगा. मला हितं काय चाललंय ते कळाय पायजे. परीक्षा द्यायची हाय ना तिला?" आबांनी घसा साफ केला. "मॅडम, मला अक्षराची वळख न्हाई. पन आमची म्हातारी सासुरवाशीन व्हती, तिला बाहीर पाठवीत नव्हते. तवा मी कोसकोस जाऊन कीर्तन ऐकायचो आन् घरी यिऊन तिला जसंच्या तसं सांगायचो. चाल-बिल सगळी. बसल्या जागी बारा गावची कीर्तनं ऐकून गेली ती. तुमी सांगा. मी राहूला नेऊन पोचवतो."

मॅडम फळ्याकडं वळल्या आणि बराच वेळ डस्टर शोधत राहिल्या. डस्टर टेबलावरच होतं.

मग त्यांनी शिकवलं. दाब वाढवला तर अमोनिया वाढतो. उष्णता वाढवली तर मोडतो, पुन्हा नायट्रोजन न् हायड्रोजन होतो. समतोलाला ताण दिला की तो ताण कमी होईल त्या अंगाला सरकतो. आबा डोळे मिटून, डोलत ऐकत, आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट धरून म्हणत, जसं टाळकरी ध्रुपद उचलतात. "सरकतो... ताण कमी व्हईल त्या अंगाला सरकतो." उरलेली पोरं सुरुवातीला खुसखुसली. नंतर तीही गप्प झाली.

पहिल्या रविवारी आबा राहूला जाऊन आले. माणसं लग्नाच्या पाहुण्यांत गुंतलेली, नात चुलीपुढून उठली नाही, बोलणं झालं नाही. पुढच्या रविवारी निमोण्यात कुणाची दशक्रिया निघाली. आबा म्हणाले, जाऊ द्या, साठून राहू द्या, एकदम सांगतो. सकाळी ते एसटीची वाट बघत स्टँडवर उभे असत तेव्हा ओठ हलत असत. बघणाऱ्याला वाटे, नामस्मरण चाललंय.

थंडी वाढली. कांदे काढणीला आले आणि पहाऱ्याची म्हातारी माणसंही रानात गेली. रंगुबाई एक दिवस वातींची जुडी टेबलावर ठेवून म्हणाली, "ह्या तुमाला ठिवा, मॅडम. तुमच्या दर्ग्यात लावा, न्हाईतर कुठं बी." ती पुन्हा आली नाही. मग उरलेली पोरंही तुटली. प्राचार्यांनी व्हरांड्यात मॅडमना थांबवून सांगितलं की ही खोली आता दहावीच्या तासांना लागेल, शनिवारपासून. ते वाईट माणूस नव्हते. सांगताना त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

शनिवारला अजून चार दिवस होते. मंगळवारी आबा एकटेच बाकावर होते. पटका नीट बांधलेला, पण बुक्का नव्हता.

"गेला होतात का, आबा?"

"गेल्तो. पारगावला उतारलो, तितनं वडापच्या जीपनं." आबा बाकावरच्या एका खाचेत नख घालत राहिले. "भाकरी थापत व्हती. सासू गोठ्यात व्हती. म्हणलं, ऐक. सगळं सांगितलं, तुमी सांगितलं तसंच. नायट्रोजन आन् हायड्रोजन मिळून अमोनिया. तर हसली. म्हनली, आबा, एक बाण इसरलात."

"मग?"

"काठवटीत कोरडं पीठ व्हतं. त्यात बोटानं काढून दावला. एक हिकडनं, एक तिकडनं. म्हनली, माघारीचा बाण सोडायचा नसतो, मॅडम रागवत्यात. तवर गोठ्याचं दार वाजलं. तिनं त्याच पिठात पानी घातलं, मळलं आन् भाकर थापली. ती मलाच वाढली."

बाहेर कुणीतरी घंटेच्या दोरीशी खेळत होतं. घंटा अर्धवट वाजून गप्प झाली.

"आणि परीक्षेचं?"

"सासू म्हनली, तवा तोड असती उसाची, पुढल्या साली बघू. मानूस वंगाळ न्हाई, मॅडम. जेवल्याबिगार सोडलं न्हाई मला." आबांनी बाकाखालून काठी काढली. "वाटंला लावाय आली पोरगी, धुनं धुवायच्या निमतानं. म्हनली, आबा, आता नगा यिऊ. मॅडमला सांगा, माझी जागा दुसऱ्याला द्या."

"मग आज कशाला आलात, आबा?"

आबा उठले. उठायला त्यांना वेळ लागला. बाकाच्या कडेनं, भिंतीला धरून ते फळ्यापर्यंत आले.

"आसंच न्हाई जाता येत. कुनाच्या तरी गळ्यात द्यावी लागती. भुईला ठिवता येत न्हाई. पहारा मोडायचा न्हाई, तुमीच म्हनला व्हता."

त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. ते तसेच रिकामे त्यांनी पुढं केले, मग वाकले आणि मॅडमच्या पायांना हात लावला. मॅडम दचकून मागं सरणार होत्या, तेवढ्यात ओट्यावरून कधी न दिसलेलं काहीतरी त्यांना कळलं. त्यांनी डोक्यावरची ओढणी सावरली, खाली वाकल्या, आणि धुळीनं पांढऱ्या पडलेल्या त्या जुन्या वहाणांना बोटं लावली.

आबा काठी टेकत व्हरांड्यातून गेले. काठीचा आवाज पायऱ्यांपर्यंत येत राहिला.

खोलीत कुणी नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात जूनमधल्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. खुर्ची जवळच होती, पण मॅडम बसल्या नाहीत. कॉलेज भरल्याची घंटा होईपर्यंत त्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या. बुधवारी आल्या, उभ्या राहिल्या. गुरुवारी आणि शुक्रवारीही. शनिवारी दहावीची पोरं आत घुसली, तेव्हा त्यांनी खडूचा तो उरलेला लहान तुकडा पर्समध्ये टाकला आणि बाहेर आल्या.

झालं. उठा आता, घरी चुली पेटल्या असतील. पण जाता जाता एवढं करा. सप्ताहात वीणेपुढून जाताना हात जोडता ना, तेव्हा राहूच्या एका घरातल्या त्या मुलीचं नाव मनात आणा. पिठात काढलेला माघारीचा बाण जिनं स्वतःच्या हातानं मळून टाकला, ती धनश्री. तिची आठवण असू द्या.